समाजशास्त्र घ्यावें कीं न घ्यावें?

बारावीचे निकाल लागले कीं आमच्या ओट्यावर वर्दळ वाढते. नोकरींतून मोकळे होऊन आम्हांस कांहीं वर्षें लोटलीं. आतां हातांत छडी नाहीं कीं हजेरीपट नाहीं. तरी भोकरदनच्या जुन्या वस्तींतील आठदहा घरें मुलांचें पुढें काय करावें हें ठरविण्यापूर्वीं अजूनहि आम्हांस एकदां विचारतात. विचारतात म्हणजे, आपण आधींच ठरविलेल्या गोष्टीस गुरुजींचा होकार मिळवितात. हा व्यवहार त्यांनाहि ठाऊक आहे आणि आम्हांसहि. त्यामुळें चहाच्या एका कपांत सहसा काम आटोपतें.

गेल्या ज्येष्ठांत मात्र तसें झालें नाहीं. शेजारच्या वाड्यांतील सारें कुटुंबच एके सायंकाळीं आलें. आजोबा, आजी, वडील, काका, त्यांच्यामागें आई व काकू, आणि सर्वांच्या मागें चपला काढण्याच्या निमित्तानें रेंगाळणारी मुलगी. मुलीस गुण उत्तम मिळालेले. "गुरुजी, ही समाजशास्त्र घेतें म्हणते," हें वाक्य वडिलांनीं इतक्या खालच्या आवाजांत उच्चारलें, कीं घरांतील एखादें दुखणेंच सांगत आहेत असें वाटावें.

काका बँकेंत आहेत. त्यांनीं सरळ हिशेब मांडला, "तीन वर्षांनीं हातांत काय पडणार, तेवढें सांगा." वडिलांचें म्हणणें, बी. एस्सी. करावी, वर बी. एड. करावी, म्हणजे कोठें तरी चिकटतां येईल. आजोबांचा ओढा वकिलीकडे, कारण त्यांची स्वतःची ती राहून गेली होती. काकू हळूच म्हणाल्या, कीं मुलीची आवडहि पाहावी. पण त्या नुसत्या काकू, त्यांचें म्हणणें तेथेंच विरलें. आजींनीं तर प्रश्नच निकालांत काढला. "समाज काय पुस्तकांत शिकायचा असतो? चार लग्नं, दोन मुंजी आणि एक बारसं स्वतःच्या हातानं उरका, म्हणजे कळतो समाज!" सारे हंसले. मुलगी हंसली नाहीं.

आम्हीं तिला विचारलें, "बाळ, तुला तें कां घ्यावेंसें वाटतें?"

ती म्हणाली, "नीट सांगतां येत नाही, गुरुजी. पण आपल्याकडं कुठलीही गोष्ट विचारली, की 'असंच असतं' म्हणतात. ते ऐकलं की मला पुढं विचारावंसं वाटतं."

आम्हीं आठ दिवसांची मुदत मागितली आणि मुलीस एक काम सांगितलें. आपल्या गल्लींतील दहा घरीं जावें, प्रत्येक घरांतील सर्वांत वडील बाईला एकच गोष्ट विचारावी: तुमची शाळा केव्हां सुटली व ती कोणीं सोडविली? उत्तर येईल तसें लिहावें. पदरचा एकहि शब्द घालूं नये. काकांस हें सारें विचित्र वाटलें असावें. चहाच्या कपाचें काम, त्याला आठ दिवस कशाला? त्याचें कारण आम्हीं त्या मंडळींस तेव्हां सांगितलें नाहीं. वाचकांस सांगतों.

सुमारें वीस वर्षांपूर्वीं आमचा एक जुना विद्यार्थी असाच ओट्यावर येऊन बसला होता आणि त्यानेंहि याच विषयाचें नांव काढलें होतें. आम्ही तत्काळ उत्तरलों, "ज्याला दुसरें कांहीं जमत नाहीं त्यानें तें घ्यावें. तुला बुद्धि आहे. विज्ञान सोडूं नकोस." त्या विषयाचें एक पानहि आम्हीं तोंवर उघडलें नव्हतें. आम्ही मॅट्रिक झालेले, पाठशाळेंत संस्कृत शिकलेले, आणि पुढें जन्मभर प्राथमिक शाळेंत रमलेले. परंतु गांवांत गुरुजींच्या अज्ञानासहि वजन असतें. मुलानें ऐकलें. दोन वर्षें गणितानें त्याला छळलें, तिसऱ्या वर्षीं तो परत आला, आणि आज त्याचें बीं-बियाणें व खतांचें दुकान आहे. दुकान चांगलें चालतें. वाटेंत भेटला तर अजून वांकून नमस्कार करतो. त्या नमस्कारानें आम्हांस बरें वाटत नाहीं.

मागें एकदां त्याच्या दुकानांत घटकाभर बसणें झालें. उधारीची वही चाळतांना तो सहज बोलूं लागला. कोणत्या घरांत भावांचे सातबारे वेगळे झाले पण धान्याची कोठी एकच आहे. कोणत्या घरांत कोठ्या दोन झाल्या पण लग्नाचा खर्च अजून थोरल्याच्याच नांवावर पडतो. नवरा वारल्यावर बाईच्या नांवानें उधार द्यायला दुकानदार कां कचरतो, आणि तीच बाई दिराला बरोबर घेऊन आली कीं तोच दुकानदार मुकाट्यानें पोतें कां उचलून देतो. आम्ही थक्क होऊन ऐकत राहिलों. जो विषय घेऊं नकोस म्हणून आम्हीं त्याला परतविलें होतें, तो त्यानें दुकानांत बसून स्वतःच शिकून घेतला होता. फक्त तो लिहून ठेवण्याची, पडताळण्याची, दुसऱ्या गांवाशीं ताडून पाहण्याची विद्या त्याला कोणीं दिली नव्हती.

म्हणून या वेळीं आठ दिवस मागितले, आणि ते वाचनांत घालविले.

पंडिताच्या खोडीप्रमाणें आम्हीं प्रथम शब्दच सोलून पाहिला. अमरकोशांत पशूंच्या समूहास 'समज' व इतरांच्या समूहास 'समाज' असा भेद केला आहे. पाणिनीनेंहि त्यासाठीं निराळें सूत्र घातलें आहे. दोन्ही शब्द 'अज्' म्हणजे हांकणें या एकाच धातूपासून निघालेले; अंतर काय तें एका कान्याचें. मराठींतील 'समज' हा निराळ्या कुळांतला खरा, तरी समाजांतला काना काढला कीं समज उरतो, ही गंमत आम्हांस नोकरींत असतांना सुचली असती तर वर्गांत पुष्कळ उपयोगी पडली असती. युरोपियन नांवाचा प्रकार तर याहून गमतीचा. फ्रान्सांतील ऑगस्ट कोंत यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत 'सोशिऑलॉजी' हा शब्द रूढ केला, तो अर्धा लॅटिन व अर्धा ग्रीक. असला संकर पाहून वैयाकरणाच्या अंगावर कांटा येतो. परंतु लेकरूं मात्र जगलें.

नांवावरून ग्रंथांकडे वळलों, तों आमच्याच पंथाचा एक मनुष्य तेथें भेटला. गोविंद सदाशिव घुर्ये. जन्म १८९३, मालवणचे. मुंबईस एल्फिन्स्टन कॉलेजांत संस्कृत घेऊन एम्. ए. झाले आणि पुढें संस्कृतच शिकवूं लागले. अशा गृहस्थाचें पुढील चरित्र कोणीहि डोळे मिटून सांगावें: दोन सटीप आवृत्त्या, एक व्याकरणाचें पुस्तक, निवृत्ति आणि सत्कार. पण १९१९ सालीं मुंबई विद्यापीठानें समाजशास्त्राचा विभाग उघडला आणि त्यावर पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश विद्वानांस नेमलें. गेडिस मूळचे वनस्पतिशास्त्राचे. नगररचनेच्या नादानें आपल्या देशांतील शहरांमागून शहरें पायीं पाहात हिंडलेले. घुर्ये त्यांच्या व्याख्यानांस जाऊन बसूं लागले. गेडिसांनीं मुंबई शहरावर त्यांच्याकडून निबंध लिहून घेतला, आणि तो पाहून विलायतेच्या शिष्यवृत्तीसाठीं त्यांची शिफारस केली. लंडनला थोडे दिवस, मग केंब्रिज. तेथें गुरु लाभले रिव्हर्स. ते १९२२ मध्यें वारले, तेव्हां हॅडन यांच्या हाताखालीं प्रबंध पुरा झाला. परत आल्यावर १९२४ पासून १९५९ पर्यंत मुंबईच्या विभागाची धुरा त्यांनीं वाहिली. एम्. एन्. श्रीनिवास, इरावती कर्वे, अ. र. देसाई हीं सारीं त्यांच्या हाताखालून गेलेलीं.

आम्हांस या चरित्रांत दोन गोष्टी दिसल्या. संस्कृतचा मुक्काम सोडतांना त्यांच्यासमोर खात्रीची अशी कोणतीच गोष्ट नव्हती. विषय विद्यापीठांत नुकता जन्मलेला, शिकविणारा एक, आणि पुढें ही खुर्ची राहील कीं जाईल हें कोणीं सांगावें? बँकेंतल्या काकांनीं त्या वेळीं नक्कीच नको म्हटलें असतें. दुसरी गोष्ट अशी, कीं त्यांचें संस्कृत वायां गेलें नाहीं. १९३२ मध्यें प्रसिद्ध झालेल्या जाति व वंश यांवरील त्यांच्या इंग्रजी ग्रंथांत धर्मशास्त्रें आहेत, आणि त्यांच्याच शेजारीं शिरगणतीचे अहवाल व शरीरमापनाचे आंकडे आहेत. आम्ही जातीचा विचार शिकलों तो स्मृतींतून, म्हणजे लोकांनीं कसें वागावें याचा. लोक प्रत्यक्ष कसे वागतात हा दुसरा अर्धा भाग आहे, हें आमच्या ध्यानींच आलें नव्हतें.

इरावतीबाईंची हकीकत तर प्रत्येक एकत्र कुटुंबानें वाचावी अशी आहे. त्यांचा जन्म १९०५ सालीं ब्रह्मदेशांत झाला. वडील तिकडे अभियंता होते. सातव्या वर्षीं मुलीस पुण्यास हुजूरपागेंत ठेवलें. फर्ग्युसनमधून १९२६ मध्यें तत्त्वज्ञान घेऊन त्या बी. ए. झाल्या, आणि मग मुंबईस घुर्ये यांच्याकडे समाजशास्त्राकडे वळल्या. एम्. ए.चा प्रबंध त्यांनीं कशावर लिहावा? चित्पावन ब्राह्मणांवर, म्हणजे आपल्या स्वतःच्याच घरावर. दरम्यान महर्षि धोंडो केशव कर्वे यांचे चिरंजीव दिनकर यांच्याशीं त्यांचा विवाह झाला होता, आणि १९२८ मध्यें जर्मनीस जाऊन पुढें शिकावें असें त्या दोघांनीं ठरविलें. त्याला विरोध कोणीं करावा? खुद्द महर्षींनीं! ज्यांनीं स्त्रीशिक्षणासाठीं हयात वेंचली, विद्यापीठ काढलें, त्यांनाच सुनेचें परदेशीं शिकावयास जाणें पसंत पडलें नाहीं. हें आम्ही त्यांची थोरवी कमी लेखण्यासाठीं सांगत नाहीं. त्या पायांची धूळ मस्तकीं लावण्याचीहि आमची योग्यता नाहीं. पण जगाच्या मुलींना शिकवूं पाहणाऱ्या घरांतहि आपल्या सुनेची पाळी आली कीं पाऊल अडखळतें, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. अखेर डॉ. जीवराज मेहता यांजकडून कर्ज मिळालें आणि बाई गेल्या.

बर्लिनमध्यें त्यांना विषय मिळाला तो माणसाच्या कवटीचा. कवटीच्या डाव्याउजव्या भागांतील फरकाचा वंशाशीं संबंध असावा, अशी त्यांचे प्राध्यापक ऑयगेन फिशर यांची अटकळ. बाईंनीं कवट्या मोजल्या व तसा संबंध आढळत नाहीं असें लिहिलें. परक्या देशांत, कर्ज काढून गेलेली एक तरुण स्त्री; पदवी ज्यांच्या हातीं त्यांच्याच अटकळीविरुद्ध हा निष्कर्ष. तरी १९३० सालीं डॉक्टरेट घेऊनच त्या परतल्या. पुढें १९३९ पासून डेक्कन कॉलेजांत त्यांनीं समाजशास्त्र शिकविलें, नातेसंबंधांच्या रचनेवर १९५३ मध्यें मोठा ग्रंथ लिहिला, आणि 'युगान्त' तर आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांच्या कपाटांत असेलच. १९६८ चें साहित्य अकादमीचें पारितोषिक त्या पुस्तकास मिळालें. महाभारत आम्हीं पाठशाळेंत वाचलें होतें; पण कुंती, गांधारी यांना सासरमाहेरच्या नात्यांत उभें करून पाहावें, हें आम्हांस 'युगान्त' वाचेपर्यंत सुचलें नव्हतें.

विद्यापीठांत गेल्याखेरीज हें शास्त्र येतच नाहीं, असें मात्र कोणी समजूं नये. त्रिंबक नारायण आत्रे हे महसूल खात्यांतले अधिकारी. गांवोगांव फिरून पाहिलेलें त्यांनीं 'गांवगाडा' या पुस्तकांत १९१५ मध्यें मांडलें, आणि बलुत्याअलुत्याचा व्यवहार समजून घ्यायला आजहि तेंच उघडावें लागतें. त्याच्या पुढच्याच वर्षीं, ९ मे १९१६ रोजीं, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनीं भारतांतील जातींवर आपला निबंध वाचला. जातीचें मर्म आपल्याच जातींत विवाह करण्याच्या बंधनांत आहे, सोंवळेंओंवळें वगैरे बाकीच्या गोष्टी त्याच्या मागून येतात, असा त्यांचा सिद्धान्त. आमच्या घरांत बाजारांतून आणलेला नारळ कोणाच्या हातचा हें हल्लीं कोणी विचारीत नाहीं. पण स्थळ आलें कीं पहिला प्रश्न कोणता असतो, हें ज्यानें त्यानें आपल्या मनाशीं पाहावें. शंभराहून अधिक वर्षांपूर्वींचा तो निबंध अजून आपल्या माजघरांत वावरत आहे.

आणि एकत्र कुटुंबाबद्दल म्हणाल, तर आपण सारेच हळहळतों कीं तें मोडलें. आय्. पी. देसाई या समाजशास्त्रज्ञांनीं सौराष्ट्रांतील महुवा या गांवच्या कुटुंबांची पाहणी केली. ती १९६४ सालीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध झाली. त्यांच्या पाहणींत असें दिसलें, कीं चूल आणि छप्पर वेगळें झालें म्हणजे एकत्रपणा गेलाच असें होत नाहीं; मालमत्ता, देणींघेणीं, एकमेकांविषयींचीं कर्तव्यें यांनीं घरें बांधलेलीं राहतात. आमच्या दुकानदारानें सातबारा आणि कोठी यांची गोष्ट सांगितली ती हीच नव्हे काय? देसाईंचें पुस्तक त्यानें पाहिलेलें नाहीं. पाहिलें असतें तर आपल्याच वहीकडे तो कोणत्या डोळ्यांनीं पाहता, असा विचार मनांत येतो आणि आम्ही पुस्तक मिटून ठेवतों.

आतां थोडें आमच्या भूमीविषयीं. भोकरदन हें प्राचीन भोगवर्धन. सांची व भारहुत येथील स्तूपांच्या दगडांवर भोगवर्धनच्या दात्यांचे लेख आहेत. १९७३ च्या सुमारास नागपूर व मराठवाडा या विद्यापीठांच्या विद्वानांनीं येथें उत्खनन केलें, त्यांत हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा भाग सांपडला. इटलींत पाँपेई येथें मिळालेल्या प्रसिद्ध हस्तिदंती मूर्तीशीं त्याचें साम्य सांगतात. दोन हजार वर्षांपूर्वींच्या माणसांनीं काय घातलें, काय विकलें, कोणाशीं व्यापार केला, हें जाणण्यासाठीं केळणेच्या कांठची माती चाळणींतून गाळली गेली, आणि गांवानें अभिमानानें तें पाहिलें. मग त्याच मातीवर आज राहणाऱ्या माणसांना कोणीं कांहीं विचारूं लागलें, तर आपल्या कपाळाला आंठी कां पडते? मेलेला मनुष्य उलट उत्तर देत नाहीं, एवढेंच काय तें कारण असावें.

जिवंतांना विचारणें अवघड जातें, हें आम्ही स्वतःवरून सांगतों. १९७८ च्या जुलैंत मराठवाडा विद्यापीठास डॉ. आंबेडकरांचें नांव देण्याचा ठराव विधिमंडळानें केला, आणि त्यानंतर मराठवाड्यांतील अनेक गांवांत दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरें जाळलीं गेलीं, माणसें मारलीं गेलीं. पुढें १४ जानेवारी १९९४ रोजीं नामविस्तार झाला. आम्ही तेव्हां विशीच्या आंत होतों, परगांवीं पाठशाळेंत रघुवंश घोकत होतों. वर्तमानपत्र येई, वडील मंडळी तें वाचून घडी घालून ठेवीत, आणि बोलणें दुसऱ्या विषयावर जाई. काल एका बांधावर भाकरी खाणारा मनुष्य आज दुसऱ्याच्या छपराला चूड कशी लावतो, हा प्रश्न आमच्या मनांत आला नाहीं असें नाहीं. पण तो कोणाला विचारावा व कसा विचारावा हें ठाऊक नव्हतें, आणि विचारायचा नसतो एवढें मात्र पक्कें ठाऊक होतें. तो आम्हीं आजतागाईत विचारलेला नाहीं.

तीच गोष्ट हजेरीपटाची. कापूस वेंचणीचे दिवस आले, मिरचीचा तोडा सुरू झाला, कीं आमच्या वर्गांत मुलींच्या नांवांपुढें गैरहजेरीच्या खुणा उमटूं लागत. एकाच घरचीं भाऊबहीण. भाऊ हजर, बहीण गैरहजर. इतकीं वर्षें आम्हीं त्या खुणा सुवाच्य अक्षरांत केल्या, महिनाअखेर बेरीज जुळविली, वरिष्ठांनीं पट नीटनेटका म्हणून शेराहि दिला. त्या बेरजेचा अर्थ मात्र एकदांहि काढला नाहीं. घरांत एकाला शाळेंत व एकीला शेतांत पाठवायचें हें कोण ठरवितें, कोणत्या वर्षीं ठरतें, पाऊस चांगला झाला तर बदलतें कीं नाहीं, हें सारें त्या पटांत होतें. तो आमच्या हातांत होता.

असो. काकांच्या प्रश्नाचें उत्तर टाळून चालणार नाहीं, कारण तोहि खरा प्रश्न आहे. पदवीचीं तीन वर्षें, आणि २०२० च्या शैक्षणिक धोरणाप्रमाणें हवें तर चौथें वर्ष. नुसत्या पदवीवर कोणी बोलावून नोकरी देणार नाहीं, हें आधींच मान्य करावें. महाविद्यालयांत शिकवावयाचें तर एम्. ए. आणि त्यावर नेट किंवा सेट. आणि तेवढें होऊनहि तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षें राबणारे प्राध्यापक आपल्या ओळखींत असतीलच. स्पर्धा परीक्षांकडे जाणाऱ्यांस हा विषय उपयोगी पडतो; केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेंत तो वैकल्पिक म्हणून घेतां येतो, प्रत्येकीं २५० गुणांच्या दोन प्रश्नपत्रिका. पाहण्या करणाऱ्या संस्था, आरोग्य व ग्रामविकासाचीं कामें, वृत्तपत्रें, यांतहि जागा असतात. त्या शोधाव्या लागतात. बरीच मंडळी समाजशास्त्र व समाजकार्य यांची गल्लत करतात. दुसऱ्यांत लोकांस मदत कशी करावी याचें शिक्षण असतें. मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था १९३६ सालीं निघाली ती त्यासाठीं, आणि आपल्या मराठवाड्यांत तुळजापुरासहि तिचें आवार आहे. पहिल्यांत लोक असे कां वागतात हें शोधायचें असतें. ज्याला दुसऱ्याचें दुःख पाहून लगेच उठावेंसें वाटतें त्यानें समाजकार्य घ्यावें. ज्याला तें दुःख असेंच सर्वत्र आहे काय हें आधीं मोजावेंसें वाटतें त्यानें समाजशास्त्र. आंकडेशास्त्र चुकत नाहीं, आणि इंग्रजीहि चुकत नाहीं. वरच्या वर्गांतील बहुतेक ग्रंथ इंग्रजींतच आहेत. सोपा विषय म्हणून जो येईल तो पहिल्याच वर्षीं कंटाळेल, हें आम्ही त्यांतला थोडासाच भाग वाचून सांगूं शकतों. २०११ नंतरची जनगणना आतां २०२७ सालीं व्हावयाची आहे आणि तींत जातीचीहि नोंद घेण्याचें सरकारनें ठरविलें आहे. १९३१ नंतर सर्व जातींची अशी मोजणी जनगणनेंत प्रथमच होईल. आंकड्यांचे ते डोंगर वाचावयास माणसें लागतीलच.

आठव्या दिवशीं मंडळी पुन्हां आली. मुलीनें वही पुढें केली. दहा घरें सांगितलीं होतीं, तिनें अकरा केलीं होतीं. अकरावें तिचें स्वतःचें.

पहिल्या तीन घरीं तिची फजिती झाली. प्रश्न आजीबाईला विचारावा आणि उत्तर मुलानें द्यावें. मग तिनें वेळ बदलली. पुरुष कामावर गेल्यावर दुपारीं पुन्हां त्याच घरीं गेली, आणि उत्तरें निराळीं आलीं. तिनें दोन्ही उत्तरें समोरासमोर लिहिलीं होतीं. हें तिला कोणीं सांगितलें नव्हतें. एका घरीं "सुटली म्हणजे? घातलीच कुठं होती?" एवढेंच लिहिलेलें. दुसऱ्या घरीं, नदीला पूर आला तेव्हां शाळा आठ दिवस बंद राहिली, ती त्या बाईपुरती पुन्हां उघडलीच नाहीं. चार घरीं धाकटें भावंडं सांभाळायला कोणी नव्हतें.

शेवटच्या पानावर तिच्या आजी होत्या. दोन दिवस त्यांनीं उडवून लावलें होतें. तिसऱ्या दिवशीं तांदूळ निवडतांना आपण होऊन बोलल्या. चौथींत पहिला नंबर आला होता; पाठचा भाऊ दोनदां नापास झाला, त्याचीं गणितें त्याच सोडवून देत. शाळा कोणीं सोडविली? "कोणी नाही. मीच गेले नाही, आई आजारी होती." मुलीनें तें लिहिलें. सूप अर्धें झाल्यावर आजी पुन्हां म्हणाल्या, "आणि मला कुणी जा म्हणालंही नाही." मुलीनें तेंहि खालीं लिहिलें, पहिलें खोडलें नाहीं.

आम्हीं हें पान मोठ्यानें वाचलें नाहीं. आजोबांच्या हातीं दिलें. त्यांनीं चष्मा लावून सावकाश वाचलें, वही वडिलांकडे दिली, वडिलांनीं काकांकडे. आजी दारांतून बाहेर कुठेंसें पाहात होत्या. साठ वर्षें एका घरांत राहून हें त्यांच्यापैकीं एकालाहि ठाऊक नव्हतें.

"घेऊं द्या तिला," आम्हीं म्हटलें. आमचा खुलासा ऐकण्याची कोणास गरज पडली नाहीं. काकांनीं तेवढें बजावलें, कीं जोडीला अर्थशास्त्र असावें आणि इंग्रजीची शिकवणी आजपासून लावावी. दोन्ही गोष्टी रास्त आहेत व दोन्ही मान्य झाल्या. प्रवेश छत्रपति संभाजीनगरास घ्यावयाचा, राहण्याची सोय मावशीकडे. वकिलीचें आजोबा पुन्हां बोलले नाहींत, पण ते पूर्ण खूष आहेत असें आम्ही म्हणणार नाहीं.

जातांना मुलगी पायरीवर थांबली. "गुरुजी, गल्लींत घरं बारा आहेत. तुमचं राहिलं."

आमच्या घरांत सर्वांत वडील आमची थोरली बहीण. ती जालन्यास मुलाकडे असते. तिची शाळा सातवींत सुटली हें आम्हांस माहीत होतें. त्याच वर्षीं आमचें नांव शाळेंत घातलें गेलें, हेंहि माहीत होतें. तिची शाळा कोणीं सोडविली, तें मात्र आम्हांस सांगतां येईना. मुलीनें वहींत आमचें नांव लिहून पुढची जागा कोरी ठेवली आहे. येत्या सोमवारीं सकाळच्या गाडीनें आम्ही जालन्यास जाणार आहों.